भिंतीवरचा आठवा गोल

गोंदियाच्या आमच्या शाळेत मौलवीसाहेब विज्ञान शिकवत आणि शुक्रवारी नमाजानंतर मशिदीत कुराणाचा अर्थ सांगत. दोन्हीकडे तोच पांढरा अंगरखा आणि बोटांना तोच खडू. मुलाने चुकीचं उत्तर दिलं तरी आधी "वाह" म्हणायचे, मग चूक दाखवायचे. मी जवळच्या मुर्री गावचा पोवार, गणिताचा मास्तर. मला ते 'पटलेजी' म्हणत आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलत.

त्या काळी मुसलमान वस्तीतले बाप मुलांना आमच्या शाळेत धाडायला कचरत. विज्ञान शिकला की पोरगा ईमानातून गेला, असा धाक. मौलवीसाहेबांनी त्यावर तोड काढली. कुराणात सात आकाशांचा उल्लेख येतो आणि तेव्हाच्या पुस्तकांत पृथ्वी सोडून सूर्याभोवती फिरणारे ग्रहही सातच होते. त्यांनी शाळेच्या ओसरीत भिंतीवर गेरूने सात गोल काढले, भोवती निळीची जाडजूड चौकट मारली आणि एकेका बापाला तिच्यासमोर आणून उभं केलं. "देखिए, किताब और दुर्बीन एक ही बात बोल रहे."

भात गिरणीवाल्या हाजीसाहेबांनी भिंतीवरचे गोल बोटाने मोजले आणि दुसऱ्याच दिवशी ते आपल्या यूसुफला घेऊन आले. हाजींचा मुलगा आला म्हटल्यावर बाकीचेही आले. दाराजवळचा अख्खा बाक त्या मुलांनी भरला. रोज हजेरी घेण्याआधी मौलवीसाहेब एकदा त्या बाकाकडे बघून घ्यायचे. चेहरा असा खुलायचा की मला त्यांची थट्टा करावीशी वाटे, आणि मी करतही असे.

मग १९३० साली नागपूरच्या वर्तमानपत्रात बातमी आली की नवा ग्रह सापडला. मधल्या सुट्टीत मीच ती मोठ्या हौसेने वाचून दाखवली. मौलवीसाहेबांनी हातातली लोणच्याची फोड डब्यात परत ठेवली.

"फिर से पढ़ो, पटलेजी."

मी पुन्हा वाचली. ते म्हणाले, "चौकट मीच मारली, आणि आत मीच अडकून बसलो."

"गप्प राहा," मी म्हणालो. "गोंदियात कोण दुर्बीण लावून बसलंय?"

पण बातमी काय लपते? हाजीसाहेबांनी गाठून सांगितलं, "अंग्रेजों का तारा है, मौलवीसाब. आप सात ही पढ़ाइए." वस्तीतल्या एका तरुण वकिलाने वेगळाच हिशोब मांडला: सूर्य-चंद्र धरा, लांबचे तीन सोडा, जमतील पुन्हा सात. मौलवीसाहेब त्याच्यावर चिडले. "कल और एक निकला तो? पाठ्यपुस्तक बदलेल तसा अल्लाहचा कलाम बदलत बसू?"

तरी मशिदीत नव्या ग्रहाबद्दल त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शुक्रवार आला की ते दुसऱ्याच कुठल्या आयतीचा अर्थ सांगून उठायचे. वर्गात मात्र नवा ग्रह धरून आठ शिकवले. यूसुफ म्हणाला, "मौलवीसाब, दीवार पर तो सात हैं." मौलवीसाहेब फळा पुसायला लागले. त्या दिवशी डबा उघडाच पडून राहिला. "खरं बोललो तर पोरं जातील," ते मला म्हणाले, "आणि खोटं बोललो तर ते देवाच्या नावाने होईल. जाऊ कुठे मी?" मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढ्याशा ग्रहासाठी माणसाने इतकं झुरावं?

पुढच्या शुक्रवारी सकाळी त्यांनी सोमा शिपायाकडून कुंचला मागून घेतला. सोमा कुरकुरला, "काऊन जी मौलवीसाब, बेस तं आहे चित्र. कायले खराब करून राहिले?" चौकटीत जागाच उरली नव्हती. मौलवीसाहेबांनी आठवा गोल चौकटीबाहेर काढला आणि मग निळ्या चौकटीवर चुना फिरवला. तसेच चुन्याच्या हातांनी ते मशिदीत गेले.

तिथे काय झालं ते मला नंतर यूसुफने सांगितलं. मौलवीसाहेब म्हणाले, "आयत सच थी और सच है. सात ग्रहों वाला मतलब मेरा था. वो गलत निकला." हाजीसाहेब उठून उभे राहिले. "तो हमारे बच्चे आपने किस भरोसे पर बैठाए थे?"

सोमवारी दाराजवळचा बाक रिकामा होता. मशिदीतलं अर्थ सांगणंही बंद झालं. तरी रोज सकाळी हजेरीआधी ते त्या बाकाकडे बघायचे. मला ते पाहवत नसे.

वर्षभराने ते बालाघाटकडे भावाच्या गावी निघाले. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीच्या फलाटावर मी आणि सोमा होतो. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलं, "आज लड़के आए थे क्या?"

'येतील हळूहळू' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण या माणसाला खोटं कसं सांगायचं?

"नाही, मौलवीसाहेब."

त्यांनी मान हलवली. "आले, तर भिंतीला चौकट मारू नका. अजून ग्रह निघतील."

दर दिवाळीला शाळेला चुना लागतो, पण ती भिंत मी तशीच ठेवायला लावतो. बाकही अजून दाराजवळच आहे. हजेरी घेण्याआधी मी त्याच्याकडे एकदा बघतो.