रुमालाखालचं वाकडं बोट

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही आजवर मला कुणी विकू शकलेलं नाही. जुन्या फर्निचरचा धंदा आहे माझा, विचुंब्याला गोडाऊन. मेलेल्या माणसांचे पलंग आणि आरामखुर्च्या उचलण्यात आयुष्य गेलं. एकातूनही कधी कुणी बाहेर आलं नाही. तरी हे इथे लिहितोय, कारण घरी सांगितलं तर बायको म्हणते, "बीपीची गोळी घेतली होती का?"

आधी माझा राग सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शंभरेक वर्षांपूर्वी पनवेलमध्ये 'कुमुदकांत' या नावाने लिहिणारे एक कादंबरीकार होते. दिवसा कचेरीत कारकून, पहाटे प्रेमकथा. बायका त्यांची पुस्तकं गव्हाच्या डब्यात लपवून वाचायच्या, मुलींना त्यांच्या नायिकांची नावं ठेवायच्या. त्या माणसाने माझ्या आजीला मारलं... म्हणजे पुस्तकात.

आजी, वडिलांची आई, उरणकडच्या मिठागरावरची. डोक्यावर पाटी घेऊन पनवेलला दारोदार मीठ विकायची. परजातीच्या एका गाडीवानाबरोबर, म्हणजे माझ्या आजोबांबरोबर, पळून गेली. भाऊ कोयते घेऊन शोधत होते. कुमुदकांतांनी त्यावर कादंबरी लिहिली. नायिकेचं नाव बदललं, पण उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं ठेवलं, अगदी आजीसारखं. शेवटी तिला खाडीत बुडवली. हा माणूस खऱ्या गोष्टी लिहितो अशी ख्याती होती. गावात पुस्तक वाचलं गेलं, भावांनी तिच्या नावाने आंघोळ केली आणि विषय संपवला. आजी तेव्हा कर्जतकडे जिवंत होती, पोटात माझे वडील!

वडील मरेपर्यंत म्हणत, "एका कारकुनाने पुस्तक खपवायला माझ्या आईचं माहेर तोडलं." तिला कधी माहेरची साडी आली नाही. पुस्तकाचं नाव निघालं की आजी गप्प व्हायची. आम्हाला वाटायचं, दुःखाने.

सौदा मी तिच्याकडूनच शिकलो. पदराखाली हात धरायचा, डोळे मिटायचे, तोंडाने आकडा बोलायचा नाही. जेवढी बोटं धरली तेवढा भाव, बाजूच्याला कळता कामा नये. नको असेल तर हात झटकायचा. पटलं की ती वाकड्या बोटाने माझ्या तळहाताच्या मधोमध टोचायची. "आता फिरायचा नाय हां. पटला म्हंजे पटला."

गेल्या हिवाळ्यात खांदा कॉलनीतून फोन आला. कुमुदकांतांची नात, सुमनताई, फ्लॅट सोडून मुलीकडे नाशिकला चालल्या होत्या. आजोबांचं लिहायचं मेज विकायचं होतं. मी त्याच सकाळी पोचलो. खरं सांगतो, मेज ठेवायला घेत नव्हतो. मातीमोलाने उचलायचं आणि करवतीखाली घालायचं. ज्या मेजावर आजीला मारलं, त्याचे मी जेवायचे पाट करणार होतो.

तिथे माझ्याआधीच पनवेलचा दुसरा एक व्यापारी सोफ्यावर चहा पीत बसलेला. मला बघून हसला. "ताई, शेठ आले. आता मेजाबरोबर कपबशा पण फुकट जाणार तुमच्या!"

"तू चहा पी," मी म्हटलं. "ताई, आकडा याच्या कानावर नको." मी मेजावर रुमाल टाकला आणि त्यांना पद्धत समजावली.

"गुरांच्या बाजारात करतात तसं?" ताईंना गंमत वाटली. "करा बाई." त्यांनी हात रुमालाखाली सरकवला. मऊ, म्हातारा हात.

मी डोळे मिटून दोन बोटं धरली. कुठेतरी बेल वाजली. रुमाल हलला... आणि हात झटकला गेला. जोरात. मी तीन धरली, पुन्हा झटका. मग त्या हाताने माझी बोटं धरून मला भाव सांगितला. मी चिडलो, बोटं मागे ओढली. त्या हाताने सोडली नाहीत. तळवा खरखरीत होता, मिठाने भेगाळलेला. सौदा करताना मी सहसा हरत नाही. त्या दिवशी पायरी पायरीने वर चढत गेलो. शेवटी माझी पाचही बोटं त्या मुठीत होती. आणि मग तळहाताच्या मधोमध... एक बोट टोचलं. वाकडं.

"शेठ," तो व्यापारी म्हणाला, "भाव कुणाशी चाललाय?"

डोळे उघडले. समोरची खुर्ची रिकामी. ताई दारात दूधवाल्याशी बोलत होत्या.

"अहो, बेल वाजली म्हणून मी हात केव्हाच काढला," त्या आत येत म्हणाल्या. "काय झालं? घाम किती आलाय!"

मी भडकलो. भीती वाटली की मी भडकतो. "तुमच्या आजोबांनी माझ्या आजीला मारलं!" म्हणत सगळं ओकलो. मीठ, माहेर, खाडी.

ताई खाली बसल्या. "ते वाकडं बोट... तुमची आजी?"

मी मान हलवली.

"शेठ, आजोबा ती कादंबरी लग्नात संपवणार होते. मीठवाली लपतछपत या मेजापाशी आली आणि म्हणाली, मला पुस्तकात मारा, नाहीतर भाऊ आम्हा दोघांना कापतील. आजोबा तयार होईनात. तिने त्यांचा हात पदराखाली धरला, आणि हो म्हणेपर्यंत सोडला नाही. वाचक फार चिडले, पुढची पुस्तकं पडून राहिली. पण कारण त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही. पटला म्हणजे पटला, एवढंच म्हणायचे."

हे शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारलेही नव्हते.

मेज मी रुमालाखाली ठरलेल्या भावात घेतलं, एक पैसा न तोडता. तो व्यापारी अजून सगळीकडे सांगतो, शेठ म्हातारा झाला. सांगू दे. मेज गोडाऊनला आहे, विकायचं नाही.

डॉक्टरला दाखवलं, हात ठीक आहे. स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर ऐकेन. मला मात्र एकच खटकतं. आजी माझी. बोलायचंच होतं तर माझ्या बाजूने बोलायला हवी होती. ती समोरच्या बाजूने बोलली.