वादीतला मासा आणि वेंगुर्ल्याचे सासरे

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, कारण माझी ही फजिती साधीसुधी नाही!

त्याचं असं झालं, सासरे वेंगुर्ल्याहून आमच्याकडे आखातात, सोहारला आले. नुसत्या वासावरून मासा कधीचा ते सांगणारा माणूस! पहिल्याच दिवशी सुपरमार्केटची सुरमई ताटात बाजूला सारून म्हणाले, "बर्फातली दिसते."

झालं! मी पडलो मालवणचा. लागलं ना मनाला! म्हटलं, "अप्पा, शुक्रवारी तुम्हाला वादीतला ताजा मासा खाऊ घालतो. स्वतः पकडून!"

वादी म्हणजे इथला डोंगरातला ओढा. ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाची मासे पकडायची फ्लाय रॉड मागून आणली आणि बायकोला बजावलं, "डबा न्यायचा नाही. फक्त भात, वाटण आणि शेगडी."

"आणि मासा नाही मिळाला तर?"

"मालवणी माणसाला विचारतेस?"

आता या रॉडचं तंत्र असं, की गळाला पिसांची खोटी माशी. दोरी आधी मागे झुलवायची, मग पुढे फेकायची. व्हिडिओत तर फार सोपं दिसलं होतं हो!

अप्पा दगडावर बसले. मी अरबांसारखं "यल्ला, चला!" म्हणून दोरी झुलवली. उन्हाने डोळे दिपलेले, ती गेली कुठे कोण बघतो? तेवढ्यात हाताला असा हिसका!

"लागला! अप्पा, धूड आहे धूड!"

"अहो, सोडा! सोडा ते!" बायको ओरडली.

ही मुळातच हळवी, झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडते. मला वाटलं, माशाची दया आली. म्हटलं, आता माघार नाही! दोरी मागे ताणलेली, वाटलं मासा वळून मागच्या डोहात शिरला! रॉड खांद्यावर टाकली, गुडघाभर पाण्यात शिरलो आणि पलीकडच्या काठाकडे ओढत सुटलो.

"जावईबापू, जरा मागे बघा!" अप्पा म्हणाले.

बघतो तर काय, आमची जेवणाची पिशवी दगडांवरून गडगडत आली आणि माझ्या शेजारून थेट पाण्यात! गळ तिच्याच बंदात अडकला होता. डबे उघडले. भात गेला, वाटण गेलं. आणि सकाळपासून तोंड न दाखवलेले मासे कुठून कुठून धावत आले! करंगळीएवढे, पण ही गर्दी! सगळं चाटूनपुसून साफ.

शेवटी रस्त्यावरच्या मल्याळी हॉटेलात परोटा आणि ऑम्लेट. मी मान वर करत नव्हतो. नेमका तेव्हाच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल!

"काय हो, जेवलात की नाही वादीतला मासा?"

अप्पांनी शांतपणे ऑम्लेटचा तुकडा तोडला.

"मासेच जेवले पोटभर," ते म्हणाले. "आम्हाला आता ती बर्फातली सुरमईसुद्धा चालेल."