मुकी केलेली गाडी

पोराने पिकअप घेतली तेव्हा ती बोलकी होती. दार नीट लागलं नाही, टिंग टिंग. पट्टा लावला नाही, टिंग टिंग. पोरगा वैतागायचा, मला बरं वाटायचं.

श्रावणात कानबाई बसवली. आमच्या साक्रीकडच्या गावाला नदी लांब, म्हणून दुसऱ्या दिवशी विसर्जनाला चौरंगासकट देवी पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवली. किल्ली फिरवली अन् गाडी कोकलायला लागली. थांबेचना. गल्लीतल्या बायांनी हात जोडले. "माय बोली ऱ्हायनी!"

पोरगा लाजला. "काकू, सीटखाले बटन शे. वजन पडनं का त्याले माणूस वाटस, पट्टा मांगस."

"मंग देवीले पट्टा बांध ना, भाऊ!" एक म्हातारी म्हणाली अन् सगळ्या हसल्या.

त्यानंतर काही दिवसांनी पोराबरोबर धुळ्याला निघाले. तिथे कांदा भरून त्याला संध्याकाळी कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला जायचं होतं. मी पट्टा न लावता बसले. गाडी गप. मला खटकलं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा किल्ली चालू होती, मी दार उघडून धरलं. तरी गप.

"गाडी बोलत का नाही?"

"तो पट्टाना आवाज बंद करी लिन्हा, माय. लोके हसतस."

"अन् दाराचा?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "बठ्ठं ठीक शे. तुना बठ्ठासवर संशय शे."

आहेच माझा सगळ्यांवर संशय. नवरा गेल्यावर जळगावात डाळ मिलमध्ये होते मी. मशीन सुरू व्हायच्या आधी घंटा वाजायची, म्हणजे आम्ही बायांनी हात काढून घ्यायचे. मुकादमाला तिची कटकट व्हायची. त्याने घंटेत चिंधी कोंबली अन् आम्हाला म्हणाला, सगळं ठीक आहे. डाव्या हाताची दोन बोटं तिथे गेली. फडकं बांधून परत कामाला गेले, पोराला खायला घालायचं होतं. तेव्हापासून कोणी "ठीक आहे" म्हणलं की मी आधी हात मागे घेते.

धुळ्यात शिरल्यावर म्हणलं, "वायरमनकडे घे. तोवर मी उतरत नाही."

"माय, कांदा भराना शे!"

"भर. मी इथेच बसते. सुरतेला पण येते."

मुकाट्याने घेतली त्याने.

वायरमनने स्टेअरिंगमागचं मीटर खोललं अन् शिंगदाण्याएवढी काळी डबी दाखवली. "अक्का, हा बजर. दाराचं, पट्ट्याचं, इंजिन तापल्याचं, सगळ्या वायरी मीटरला येतात. मीटर ठरवतं, पट्ट्याला हळू वाजायचं, तापल्यावर भराभर. पण तोंड हे एकच." मग पोराकडे बघून म्हणाला, "याची तार कोणी तोडली, भाऊ?"

पोरगा म्हणे, गावातल्या मेकॅनिकने. याने फक्त पट्ट्याचं सांगितलं होतं, त्याने सोपं ते केलं.

"मग घाटात इंजिन तापलं असतं तर माझ्या पोराला कोण सांगणार होतं?" मी विचारलं.

वायरमनने तार जोडली, मीटर बसवलं, गाडी चालू करून ठेवली. पहिल्यांदा गप होती. मग वाजायला लागली. भराभर.

"पट्टाच असेल," पोरगा म्हणाला.

"सीटवर कोण बसलंय?" मी म्हणलं. मी तं खाली उभी होते.

बॉनेट उघडलं. पाण्याचा पाइप उकललेला, रेडिएटर जवळजवळ कोरडा. लाल दिवाही लागला होता, पण मीटरच्या काचेवर पोराने देवीचा फोटो चिकटवलेला, दिवा नेमका त्याच्याखाली. भरल्या कांद्यानिशी ही घाटात बंद पडली असती, मागून ट्रक असते. पोराच्या तोंडावरचा रंग उतरला. मी फोटो नखाने सोडवला अन् आरशाच्या वर लावला.

पाइप बदलून निघालो तेव्हा गाडी परत टिंग टिंग करायला लागली, हळूहळू.

"माय, पट्टा लाव," तो म्हणाला.

उरलेल्या बोटांनी मला ते लवकर जमत नाही. बराच वेळ वाजत राहिली. या वेळी तो वैतागला नाही. गाडी बाजूला घेऊन थांबला.