मागल्या दारानं या, पावणं

आमच्या पुढच्या दाराला कायम कुलूप असतं. रस्ता काँक्रीटचा झाला तसा वर आला आणि आमचा उंबरा गेला खाली. दार उघडलं की पाय गटारीत. तिथनं कोण कशाला ये-जा करील? आमचा सगळा राबता बोळातल्या मागल्या दारानं, गोठ्यातनं. दुधाची गिऱ्हाइकं, पोस्टमन, सोयरे, सगळे तिथनंच येतात. घरमालकाला हे पक्कं ठाऊक. तरी त्या बाबानं डोळ्यांवर कातडं ओढून पुढच्या गंजलेल्या कुलपाचे फोटो काढले आणि कोर्टात सांगितलं, भाडेकरू इथं राहतच नाहीत, जागा बंद पडलीय.

आम्ही हसलो. तिथंच चुकलं. आमचे हे म्हणाले, "अख्ख्या पेठेला ठाऊक हाय आपण हितं राहतोय, साक्षीदार कशाला गोळा करायचं?" पण पेठ काही आपणहून कोर्टात जाऊन बोलत नाही, आणि लाइटचं बिल मालकाच्याच नावावर. निकाल लागला: जागा वापरात नाही, खाली करा. म्हणजे मी रोज सकाळी जिथलं शेण काढते ती जागा वापरात नाही म्हणे. माझं डोकंच फिरलं.

अपील केलं. स्थगितीची सुनावणी व्हायची होती, तेवढ्यात मालकानं ताब्याचं वॉरंट काढलं. आमच्या वकिलांनी फोनवर बजावलं, "बेलीफ आला तर आत गप बसा. कुलूप बघून 'बंद' असा शेरा मारून तो निघून जाईल. कुलूप तोडायला वेगळी परवानगी लागते, तोवर आपल्याला स्टे मिळेल." ह्यांना ते पटलं. मीही मान डोलावली.

बेलीफ आला तेव्हा हे म्हशी धुवायला नदीवर गेलेले. घरात मी, गॅसवर आमटी आणि गोठ्यात नुकती व्यालेली एक म्हैस. पुढच्या दाराबाहेर मालकाचा आवाज आला.

"बघा साहेब, हेच ते कुलूप. कोण राहत न्हाई हितं. लिहा तसं."

"बरं, बंद आढळलं म्हणून लिहितो," दुसरा आवाज म्हणाला.

मी दाराच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर उभी. गप राहिले असते तर ते गेले असते, हे मला कळत होतं. पण ज्या खोट्यापायी आमचं घर हातचं जायला आलं होतं, तेच खोटं आता कोर्टाचा माणूस लिहिणार, आणि तेही माझ्या गप बसण्यामुळं. मग अपिलात कुठल्या तोंडानं सांगायचं की आम्ही इथं राहतो? चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ओ पावणं," मी फटीतनं ओरडले, "मागल्या दारानं या की. ह्या दाराचं काय काम न्हाई आमाला."

बोळातनं वळसा घालून ते गोठ्यात आले. पुढं शेण चुकवत बेलीफ, मागं तोंड पडलेला मालक आणि त्यानंच बरोबर आणलेले दोन पंच.

"वहिनी, ताब्याचं वॉरंट हाय. जागा खाली करा."

"न्हाई करत. आमचं अपील चालू हाय. सामानाला हात लावायचा न्हाई कुणी."

एक पंच उगाच पुढं सरकला, तशी म्हशीनं शिंगं हलवली आणि तो गुमान मागं गेला.

बेलीफ मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही अडवलं असं लिहिलं तर पुढच्या बारीला मालक पोलीस बंदोबस्त घेऊन येणार. त्यापेक्षा घर बंद होतं असंच लिहितो. तुमचंबी भलं."

माणूस वाईट नव्हता. पण मालकानं ते ऐकलं आणि एकदम गोड झाला. "साहेब बरोबर सांगत्यात वहिनी, उगा तमाशा कशाला?" ह्याच्या तोंडून मला वहिनी! त्याच्या त्या गोडव्यानं माझी उरलीसुरली भीतीही गेली.

"बंद लिहायचं न्हाई," मी म्हटलं. "बाई समोर उभी हाय, ते लिहा. म्हैस हाय, गॅसवर आमटी उकळत्याय, ते लिहा. बाईनं अडवलं, ताबा दिला न्हाई, तेबी लिहा. माझी सही घ्या. पोलीस येऊ देत, त्यांनाबी हेच सांगीन."

"अहो, एवढं सगळं कशाला?" मालक पुटपुटला.

"दिसतंय ते लिहायला नको व्हय?" बेलीफ म्हणाला आणि पेंडीच्या पोत्यावर बसून लिहायला लागला. माझं नाव विचारलं, वय विचारलं. मग पेन थांबवून म्हणाला, "राहणार?"

मालकाच्या तोंडाकडं बघत मी सांगितलं, "हितंच."

त्यानं ते लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि माझ्या सहीखाली मालकानं आणलेल्या दोन्ही पंचांनी सह्या केल्या.