सातनंतरचं वाचनालय

मांडवगण फराट्याच्या स्टँडवर शिरूरमार्गे पुण्याला जाणारी एस.टी. उभी होती आणि माझी गादी टपावर चढवायची की नाही, यावरून अब्बांचं आणि कंडक्टरचं वाजलं होतं. कंडक्टर समजुतीनं सांगत होता, "चाचा, हॉस्टेलात गाद्या असत्यात. कशाला वज्जं नेताय?"

"तिथल्या गादीवर कोण कोण झोपलं आसंल," अब्बा म्हणाले. "माझी लेक माझ्या हातच्या गादीवर झोपंल."

अब्बा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-उशा भरायच्या, हा आमचा धंदा. गावात कुठल्याही जातीच्या घरात लग्न ठरलं की आमच्याकडं निरोप यायचाच. त्या दिवशी त्यांनी कंडक्टरचं न ऐकता स्वतः शिडीवरून वर जाऊन गादी दोरीनं आवळली आणि उतरून मला म्हणाले, "शिवाजीनगरला उतरताना इसरू नको." बस्स. अम्मी पानटपरीच्या आडोशाला पदर पुढं ओढून उभी होती. गाडी हलली तशी ती दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थांबली. पुढं यायला तिला लाज वाटली असावी. स्टँडवर सगळी पुरुषमाणसं होती.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठं कुठं जाऊन बसलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. गावात राहिलेल्यांना वाटतं, पोरगी पुण्याला गेली आणि लगेच मॅडम झाली. गेलेल्यांना खरं काय ते ठाऊक आहे.

नव्वदीची मधली वर्षं होती. बी.एस्सी. मी शिरूरला रोज एस.टी.नं जाऊन-येऊन केलं होतं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करायचं म्हणजे पुण्यात राहणं आलं, आणि आमच्या आळीतली एकही मुलगी तोवर परगावी राहिली नव्हती. त्याआधी प्रवेशाच्या वेळी अब्बा माझ्याबरोबर विद्यापीठात आले, मुलींच्या हॉस्टेलच्या ऑफिसात गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गेट कवा बंद करता?"

"संध्याकाळी सातला," क्लार्क म्हणाला.

अब्बांनी मान हलवली. माझं एम.एस्सी. त्या उत्तरावर ठरलं.

माझी रूममेट सुरेखा पाटसची. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आता ऊस होता आणि तो तिथल्याच कारखान्याला जायचा. सुरेखाचा आवाज एवढा मोठा की ती खोलीत बोलली की खाली मेसमध्ये कळायचं. पहिल्या दिवशी माझी गादी बघून ती म्हणाली, "आगं, ही तर आमच्या घरी हाय तसलीच! कुणी भरली?" मी म्हटलं, "माझ्या अब्बांनी." ती सरळ गादीवर आडवी झाली आणि म्हणाली, "मग आपली वळख जुनीच की."

हॉस्टेलात शंभर तऱ्हेच्या मुली होत्या. नाशिकच्या, नगरच्या, सोलापूरच्या आणि पुण्यातल्या कॉलेजांतून आलेल्या, ज्या सिनिअरलाही नावानं हाक मारायच्या. सुरुवातीला मी 'आहे'ऐवजी 'हाय' म्हणाले की त्या हात हलवून परत 'हाय' करायच्या. मला कळायचंच नाही की ही गंमत चाललीय. महिनाभर मी तोंड मिटून राहिले. मग हळूहळू रुळले. रविवारी मेसला फीस्ट असायची. सकाळी टेकडीवर फिरायला जायचो. युवक महोत्सवाची पोस्टर्स रंगवता रंगवता माझे हात आठवडाभर निळे राहिले. ईदेला सुरेखानं कॉइलची शेगडी पैदा केली. खोलीत शेगडी लावायला बंदी होती, पण शेवयांचा वास जिना उतरून खाली गेला आणि ज्या मुलींनी तक्रार करायची त्याच वाट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून आमच्या खोलीला कुलूप म्हणून लागलं नाही.

एकच गोष्ट खटकत होती. आमची लॅब संपायला साडेपाच-सहा व्हायचे. वाचनालय दहापर्यंत उघडं असायचं, पण सातला आमचं गेट बंद. म्हणजे धावत जायचं, एखादं संदर्भाचं पुस्तक हातात घ्यायचं, चार ओळी उतरवायच्या आणि धावत परत. ती पुस्तकं वाचनालयाबाहेर न्यायला मिळत नसत. आम्ही उठलो की आमच्या खुर्च्यांवर मुलं येऊन बसत. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. ती रोज तीन तास जास्त वाचायची, एवढंच. निकाल लागला की सर वर्गात म्हणायचे, मुली मागं का पडतात कळत नाही.

दुसऱ्या वर्षी हॉस्टेलच्या प्रतिनिधीची निवडणूक लागली. सुरेखा मला न विचारता माझं नाव देऊन आली.

"मी? मला बोलता येत न्हाई."

"खोलीत रोज बोलतीस की. तेच खाली यिऊन बोल."

मेसची टेबलं भिंतीला लावून सभा भरली. माझ्या विरोधात उभी असलेली मुलगी छान बोलली. गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा आणू म्हणाली, टाळ्या पडल्या. मग मी उठले. पहिलंच वाक्य तोंडातून निघालं, "माझं एकच म्हणनं हाय..." आणि मागून हशा पिकला.

आजही मला कळत नाही, ते धाडस कुठून आलं. मी थांबले, हसू ओसरू दिलं आणि म्हणाले, "झालं हसून? आता ऐका. ऑर्केस्ट्रा एक दिवस वाजंल. वाचनालय रोज उघडं असतं आणि आपण रोज सातला पळत सुटतो. मला निवडून दिलंत तर मी दुसरं काही करणार नाही. फक्त ते गेट उघडून घेणार."

मागच्या कोपऱ्यातून सुरेखाचा आवाज फुटला आणि त्याच्या मागोमाग सगळ्या मेसचा. मी निवडून आले. दणक्यात आले. रात्रीच्या जेवणाला मुलींनी ताटं वाजवली.

रेक्टर मॅडम कडक होत्या, पण खोट्या नव्हत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. पण मी उद्या कुणाला उत्तर देणार? तुमच्या आईवडिलांना. त्यांनी इथं येऊन माझ्या तोंडावर सांगावं, की मुलींना जाऊ द्या. मग मी गेट उघडते."

पालकांची सभा ठरली. मुली आपापल्या गावी गेल्या. सुरेखा सोमवारी पाटसहून हसतच परत आली. तिचे आप्पा म्हणाले होते, "माझी आई मेंढरं घिऊन रानात रात-रात काढायची. ही पुस्तकं घिऊन दिव्याखाली बसणार. त्यात इचारायचं काय?"

माझ्या घरी मात्र तसं झालं नाही.

अब्बा कापूस पिंजत होते. मी सांगत गेले, ते ऐकत गेले. मग त्यांनी काम थांबवलं. मिशीवर, भुवयांवर कापूस बसला होता.

"तुला त्या हास्टेलात का घातली? गेट बंद हुतंय म्हणून. आन् तूच ते उघडाया निघालीस?"

"अब्बा, अभ्यास..."

"अभ्यास खोलीत हुत न्हाई का?"

"पुस्तकं तिथंच हायेत."

"मग दिवसा बस."

"दिवसा लॅब असती."

ते पुढं बोलले नाहीत. आम्ही घरात अर्धी मराठी, अर्धी दखनी बोलायचो, पण रागावले की अब्बा कुठल्याच भाषेत बोलायचे नाहीत. सगळ्या मुलींना 'वडिलांना पटवा' म्हणून पाठवणारी मी, आणि माझेच वडील तयार नव्हते. त्या सभेत मी कोणत्या तोंडानं उभी राहणार होते? निघताना अम्मी दारात एवढंच बोलली. मला नाही, आत बसलेल्या अब्बांना. "एकदा जाऊन बघा तरी. न बघता न्हाई कसं म्हणायचं?"

सभा रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी गेट बंद व्हायच्या बेताला वॉचमननं वर निरोप धाडला, गाववाले आलेत. खाली अब्बा उभे. धुतलेला पायजमा-शर्ट, डोक्यावर टोपी, हातात अम्मीनं दिलेला डबा.

"चल," ते म्हणाले. "तुझं ते वाचनालय दाव."

वडील बरोबर असल्यानं मॅडमनी सोडलं. आम्ही चालत गेलो. वाचनालयाच्या दारात मी काउंटरवरच्या सरांना सांगितलं, त्यांनी हसून अब्बांना आत बोलावलं. एवढी मोठी खोली, एवढी माणसं आणि कसला म्हणून आवाज नाही. अब्बांनी चपला बाहेर काढल्या होत्या. सरांनी सांगूनही त्या घातल्या नाहीत. एका खुर्चीची बैठक अंगठ्यानं दाबून बघितली आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "फोम हाय." मला हसू आवरेना.

मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"पोरी कुठं हायेत?"

"गेटच्या आत."

"तू कुठं बसतीस?"

मी खिडकीजवळची जागा दाखवली. तिथं एक मुलगा मान खाली घालून भराभर लिहीत होता. मी गेल्या आठवड्यात अर्ध्यात सोडलेलं पुस्तकच त्याच्यासमोर उघडं होतं. अब्बा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. त्यानं वर पाहिलंही नाही.

परतीच्या वाटेवर मोठ्या झाडांखाली अंधार होता. अब्बा थांबले. "हितं अंधार हाय," म्हणाले. मला वाटलं, संपलं. गेटपाशी डबा माझ्या हातात दिला आणि खडकीला नात्यातल्या एका घरी मुक्कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पालक जमले. फेटे, टोप्या, सफारी, दोन-तीन नऊवारी. मॅडमनी विषय मांडला. सोलापूरकडचे एक वडील लगेच उठले. म्हणाले, काही झालं तर जबाबदार कोण? बऱ्याच माना हलल्या. सुरेखाच्या आप्पांनी मेंढरांचं सांगितलं, थोडे हसले, पण माना तशाच. मी प्रतिनिधी म्हणून मॅडमच्या शेजारी उभी होते.

तेवढ्यात मागं अब्बा उठले. टोपी नीट केली.

"मी काल बघून आलोय," ते म्हणाले. "मला बी भीती वाटती, न्हाई म्हणत न्हाई. मी तर गेट बंद हुतंय म्हणूनच पोरगीला हितं आणली. पन काल तिच्या खुर्चीवर दुसरं कुनीतरी बसल्यालं बघितलं. त्या पोराची काय चूक? त्यो शिकतोय. भीती माझी हाय आन् नुकसान तिचं हुतंय. हे काय बराबर न्हाई. भीती माझ्यापशी राहू द्या. पोरींना जाऊ द्या."

मग ते मॅडमकडं वळले.

"फकस्त त्या मोठ्या झाडांखाली एक दिवा लावा," ते पुढं म्हणाले. "आन् पोरी जोडीनं जातील, जोडीनं येतील. मॅडम, लई शिकल्याला न्हाई मी. चुकलो आसंल तर सांगा."

मॅडम उभ्या राहिल्या. "तुम्ही चुकला नाहीत," एवढंच म्हणाल्या. सोलापूरकडचे वडील खाली बघत होते. थोड्या वेळानं त्यांनीच आधी हात वर केला. मग एकेक करत सगळे हात वर गेले. सुरेखानं माझा दंड एवढा घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिला. मी अब्बांकडं बघत होते, ते माझ्याकडं बघत नव्हते. खाली बसून रुमालानं कपाळ पुसत होते.

दिवा लागला तेव्हा पावसाळा संपत आला होता. पहिल्या संध्याकाळी आम्ही पन्नासेक मुली गेटमधून एकदम बाहेर पडलो. वॉचमन सवयीनं घड्याळाकडं बघायला लागला आणि मग स्वतःशीच हसला. काही करायचं नव्हतं, नुसतं वाचायला जायचं होतं, तरी सगळ्यांनी चांगले कपडे घातले होते. कुणीतरी गजरेही आणले होते. वाचनालयाच्या दारात आलो तेव्हा आतल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. दोन-चार मुलं खुर्च्या सोडून उठायला लागली. शांततेच्या त्या खोलीत सुरेखाचा आवाज घुमला, "बसा बसा, उठू नका! जागा पुष्कळ हायेत." काउंटरवरचे सर "शूऽ" म्हणाले, पण तेही हसत होते.

मी ते अर्ध्यात सोडलेलं पुस्तक काढलं आणि बसले. समोर घड्याळ होतं. सात वाजले, सव्वासात झाले, आणि मी बसलेली होते. आयुष्यात पुढं बक्षिसं मिळाली, बढत्या मिळाल्या. पण त्या सव्वासातसारखं काही मिळालं नाही.

आमच्या बॅचला पहिल्या तिघांत दोन मुली होत्या. त्यातली एक मी. पुढच्या वर्षी अब्बा परत हॉस्टेलच्या ऑफिसात गेले. या वेळी बरोबर गावातली दुसऱ्या एका घरची मुलगी आणि तिचे घाबरलेले वडील होते. त्यानंतर हे त्यांचं कामच झालं. मांडवगणातल्या किती पोरींना घेऊन ते एस.टी.नं पुण्याला गेले असतील, त्यांनाच माहीत. सुरेखा आज दौंडला कॉलेजात शिकवते आणि तिचा आवाज अजून शेजारच्या वर्गात जातो. मी बंगळूरला एका औषधांच्या कंपनीत लॅब सांभाळते. घरी कामाला येणाऱ्या अक्कांशी मोडकं कन्नड, लॅबमध्ये इंग्रजी, सुरेखाच्या फोनवर 'व्हय' आणि 'न्हाई'. सगळी भाषा माझीच वाटते आता, आणि कशाचीच लाज वाटत नाही.

लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, घर म्हणजे नेमकं कुठलं वाटतं? पूर्वी मला वाटायचं, जिथं आपली कुणी वाट बघत बसतं ते घर.

मागच्या खेपेला गावी गेले. शिरूरला गाडी बिघडली आणि मांडवगणात उतरेपर्यंत सगळ्यांची जेवणं उरकून गेली. मला वाटलं, अब्बा स्टँडवर येरझाऱ्या घालत असतील. स्टँडवर कुणी नव्हतं. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. अम्मीनं ताट वाढलं. मी विचारलं, "अब्बा?"

"ते झोपलं," अम्मी म्हणाली. "म्हणलं, काळजी कशाची? यील ती तिच्या टायमाला."

आतून त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. मी पोटभर जेवले.