ग्रील म्हणजे शेगडी

कॅम्पात रद्दीवाल्याकडे इंग्रजी पुस्तके किलोवर मिळतात. तिथून मी दोन जाड, रंगीत चित्रांची पुस्तके आणली. एक कोळशावर मांस आणि भाज्या भाजण्याचे, त्यासाठी लागणारे ग्रील घरी कसे बनवायचे हे सांगणारे. दुसरे घरच्या घरी करायच्या किरकोळ कामांचे: फळ्या ठोकणे, गळती काढणे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे. दोन्ही मिळून दोन किलो सातशे ग्रॅम भरली.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. मोजल्याशिवाय माझ्या हातून काही होत नाही. पुस्तकांत प्रत्येक वस्तूचे माप इंचात दिलेले होते, त्यामुळेच ती आवडली.

घरी सांगितले, ग्रील बनवायचे आहे. बायको म्हणाली, "अहो, सगळ्या खिडक्यांना ग्रील हाय की. आता काय संडासाला बसवताय?" वेल्डिंगवाल्याकडे गेलो तर त्यानेही टेप काढून विचारले, "किती बाय किती?" आमच्याकडे ग्रील म्हणजे खिडकीचे गज. शेवटी समजावून सांगायचा कंटाळा आला आणि म्हणालो, "अरे बाबा, शेगडी. शेगडी करायची आहे."

त्या दिवसापासून तिचे नाव शेगडी पडले. पुस्तकातल्या चौदा सूचनांवरून मी बायकोसाठी वहीत मराठीत टिपण केले, तिथेही शेगडी असेच लिहिले.

ऑईलचा वीस लिटरचा पत्र्याचा डबा कापला. चार पाय लावून एकूण उंची अकरा इंच झाली. तळाला सोळा भोके आणि त्यांवर सरकणारी झडप. झडप लावली की हवा कमी मिळते आणि विस्तव टिकतो, असे पुस्तक सांगत होते. मी घड्याळ लावून पाहिले. घमेल्यातले निखारे सव्वा तासात राख होतात. माझ्या शेगडीत ते तीन तास दहा मिनिटे टिकले. पहिल्या रविवारी गच्चीवर कोंबडी आणि मक्याची कणसे भाजली. शेजारी कठड्यावरून वाकून म्हणाला, "अण्णा, हॉटेल काढताय काय?"

थंडीच्या तोंडावर मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी अनगोळला आमच्याकडे आली. तिच्यासाठी मागची खोली तयार केली, दहा बाय नऊची. दाराखाली अर्धा इंच फट होती, सरकत्या खिडकीतूनही वारा यायचा. दुसरे पुस्तक काढले. फटींना रबराची पट्टी चिकटवली, दाराखाली फट झाकणारा ब्रश लावला. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दाराशी उदबत्ती धरून पाहिली. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही.

बाळंतिणीचे करायला सदलग्याहून माझी थोरली बहीण, आक्का, आली. चाळीस वर्षांत तिने गावातल्या किती बाळंतिणींना न्हाऊ घातले आणि शेक दिला, याचा हिशेब तिच्याकडेही नाही. लोक तिला रिक्षा पाठवून बोलवायचे. खोलीत शिरल्याबरोबर तिने दार दोनदा उघडून लावले.

"हे दार फुस्स करतंय रं. एवढं घट्ट कशाला?"

"वारा यायला नको म्हणून."

मी तिलाही उदबत्ती लावून दाखवली. तिने मान हलवली. "शिकलेला भाऊ हाय बाबा माझा."

बाजेखाली शेकाचे निखारे ठेवायला ती घमेले शोधत होती. मीच गच्चीवरून शेगडी आणून दिली. बाज एकोणीस इंच उंच. तिने मधल्या जागेत हात घालून मोजले. "बरोबर वीतभर ऱ्हातंय. तू माझ्या मापानंच केलास की."

आठवी पास बाई; झडपेचे काम तिला एकदाच सांगावे लागले.

बाळ अकरा दिवसांचे असताना ते घडले. दुपारी न्हाणे झाले होते, ओव्याची धुरी झाली होती. मुलगी आणि बाळ बाजेवर, आक्का खाली चटईवर. बाजेखालच्या शेगडीची झडप लावलेली, दार लावलेले. अडीचच्या सुमारास बायको अळिवाची खीर घेऊन गेली. हाक मारली, कोणी बोलले नाही. बाळाचे गाल छान गुलाबी दिसत होते, म्हणून तिला वाटले तिघेही झोपलेत. ती खीर ठेवून मागे फिरली होती. उंबऱ्यावर तिचे स्वतःचे डोके गरगरले, तेव्हा ती ओरडली.

फौंड्रीतून दवाखान्यात पोचायला मला बावीस मिनिटे लागली. तिघांनाही ऑक्सिजन लावला होता. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "खोलीत काय जळत होतं?" मग त्यांनी सांगितले की निखाऱ्यांतून निघणाऱ्या या वायूला वास नसतो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. धूर नव्हता म्हणजे धोका नव्हता, असे नाही.

मुलगी संध्याकाळी शुद्धीवर आली. आक्का दुसऱ्या दिवशी. बाळ एकोणीस दिवस तिथे राहिले. आता ते आठ महिन्यांचे आहे आणि अजून मान धरत नाही. पुढे काय होईल विचारले की डॉक्टर म्हणतात, बघत राहू. मी आकडा मागितला. ते देत नाहीत.

निपाणीच्या विहीणबाई दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "म्हातारीच्या हातात लेकरू दिलं, आनि हे झालं." आक्का आत खाटेवर होती, तिने ऐकले. तिनेही तेच धरले. "कोळसा नीट फुलला नसंल रं. माझीच चूक." ती सदलग्याला परत गेली. पुढे तिच्याकडे कोणाची रिक्षा आली नाही.

 खोलीतली पट्टी मी त्याच आठवड्यात खरवडून काढली आणि पहिले पुस्तक उघडले. पान अकरा, सूचना चौथी, चौकटीत: हे घरात किंवा बंद जागेत कधीही वापरू नये, जीव जाऊ शकतो. ही सूचना मी वाचलेली होती. वहीत मात्र तेराच उतरवल्या होत्या. चौकटीशेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते, 'आपल्याला लागू नाही.'

का लिहिले, तेही आठवते. मनात म्हटले होते, त्यांची घरे लाकडाची, जमिनीवर गालिचे. त्यांना घरात विस्तव चालत नसेल. आपल्याकडे शेगडी घरातच असते. आमच्या आईची होती, आजीची होती. पण त्यांच्या खोलीवर कौले होती, आणि दाराखालून मांजर जायचे.

हे पान घेऊन मी सात महिने बसलो. परवा मात्र पुस्तक पिशवीत घालून सदलग्याला गेलो. आक्का शेंगा फोडत होती. तिचे हात अजून थरथरतात. मी सगळे सांगितले आणि पान समोर धरले. इंग्रजी तिला येत नाही. पेन्सिलीवर बोट ठेवून तिने सावकाश वाचले.

"तुझंच अक्षर हाय."

"व्हय."

तिने पान माझ्याकडे सरकवले. मग म्हणाली, "इवाईणीला सांगितलास?"

"न्हाय."

"मग मला कशाला दाखवतोस? जिन्यात कुणी बोललं, मी का त्या?"

मी तिथूनच निपाणीला गेलो. विहीणबाई, जावई आणि मांडीवर बाळ घेतलेली मुलगी, तिघांसमोर पुस्तक ठेवले. जावयाने पान वाचून आईला अर्थ सांगितला. मला वाटले होते, माझ्या नावावर आले की आक्काच्या नावावरचे कमी होईल. विहीणबाई म्हणाल्या, "म्हंजे आधी एक होतं, आता दोघं झाला," आणि उठून आत गेल्या.

मुलगी बाळाच्या मानेखाली हात धरून बसली होती. तिने पुस्तक मिटले आणि बाजूला सारले. माझ्याकडे पाहिले नाही.

"आत्याला म्हणावं, रविवारी ये. याला तेल लावायला."

आतून भांड्याचा आवाज आला. जावई म्हणाला, "येऊ देत."

स्टँडवरून मी आक्काला फोन लावला. निरोप सांगितला.  ती म्हणाली, "हात कापतोय रं माझा. तेल सांडंल."

"सांडू दे."

"त्या घराला खिडक्या किती हायत?"

मी मोजल्या होत्या. "बाळाच्या खोलीला दोन."

"दोन्ही उघड्या ठेवायला सांग."