हजार वर्षांचा दिवा

"थांबा. हे बरोबर नाय."

एवढे बोलून काका उजव्या हाताचे बोट वर करीत आणि समोरचा गप्प होईपर्यंत ते खाली आणीत नसत. मासळीवाली, टपाल वाटणारा शिपाई, गोट्या खेळताना भांडणारी मुले, कोणाचीही त्या बोटापासून सुटका नव्हती. असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. त्याचा कंटाळा येतो, आणि तो दोन दिवस दिसला नाही की चुकल्यासारखे होते.

काकांचा तेलाचा घाणा आमच्या घरासमोर होता. ते बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. रत्नागिरीत त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद असे. एकदा एका गिऱ्हाइकाने चिडून विचारले, "तुमचं ठीक आहे हो, पण बैलाला कसली सुट्टी?"

"बैल आमच्याच घरात जेवतो," काका म्हणाले. "त्याचापण शनवार."

माझे वडील गलबतावर तांडेल होते. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत आलो की काका हाक मारीत, "काय कॉलेजवाले, आता तरी बरोबर काय ते शिकवलं काय?"

त्यांच्या घरात खिडकीशेजारी एक लाकडी दिवा टांगलेला असे. फणसाच्या लाकडाची फळी, वर सहा टोकांची चांदणी कोरलेली, खाली ओळीने आठ काचेचे पेले आणि बाजूला एक नववा. नाताळाच्या सुमारास त्यांचा हनुक्काचा सण येई. पहिल्या संध्याकाळी एक पेला पेटवायचा, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे आठ दिवस. आत घाण्यावरचे खोबरेल. त्या दिव्यांच्या उजेडात शिवणे, वाचणे, काही करायचे नाही, नुसते बघायचे. नववा पेला चाकर. त्याने बाकीचे पेटवायचे आणि कामाला उजेड लागला तर तो त्याचा घ्यायचा. मी एकदा त्या आठांखाली पुस्तक उघडले, तर बोट वर आलेच.

ती फळी त्यांच्या वडिलांनी कोरली होती. कोरताना चांदणीचे एक टोक आखूड झाले होते. "बाबाचा हात सुताराचा नाय, तेल्याचा," असे काका मोठ्या कौतुकाने सांगत.

मी इंटरला होतो त्या वर्षी गावातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले. मुंबईहून एक मोठे साहेब पाहायला येणार होते. मंडळींचे चिटणीस काकांकडून दिवा घेऊन गेले. सणाच्या पहिल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत परत आणून देतो, असे त्यांनी स्वतः कबूल केले. मी तिथेच उभा होतो.

प्रदर्शन उघडले त्या सकाळी आम्ही दोघे पाहायला गेलो. दिव्याखाली चिठ्ठी होती : 'यहुदी लोकांचा धर्मदीप. हजार वर्षांपूर्वीचा.'

"थांबा. हे बरोबर नाय. माझ्या बाबाने केलाय हा. ज्या फणसाचं लाकूड, त्याचे गरे मी खाल्लेत."

चिटणीस हसले. "अहो, तुमचाच मान वाढतोय ना?"

"खोट्याने कसला मान वाढतो?"

चिठ्ठी तशीच राहिली.

सणाच्या दिवशी कोणी दिवा आणून दिला नाही. ऊन उतरले तसे काका मला घेऊन निघाले. प्रदर्शनाच्या जागी गेलो तर आठही पेले एकदम पेटलेले, आणि त्या उजेडात चिटणीस साहेबांच्या स्वागताचे भाषण लिहीत बसले होते. मला वाटले, काका आता ओरडतील. त्यांनी बोटसुद्धा वर केले नाही.

"आज आमचा सण," एवढेच म्हणाले.

"साहेब उद्या यायचेत. एक दिवस उशिरा केलात तर देव काय रागावणार आहे?"

"तुम्ही गणपती पंचमीला आणता?"

"त्याची तुलना इथं नको!" चिटणीस एकदम तापले.

का नको? मी तेव्हा विचारले नाही, पण आज हे लिहितानाही माझ्या डोक्यात तोच प्रश्न आहे. आपला सण तिथीने आणि शेजाऱ्याचा आपल्या सवडीने, हे कोणत्या न्यायाने?

घरी काकी वाट पाहत होत्या. रिकामे हात पाहून त्या उठल्या. नारळ फोडला, डोळे नसलेली करवंटी निवडली, ती डुगडुगू नये म्हणून खाली काथ्याची चुंबळ ठेवली आणि खिडकीच्या चिऱ्यावर एक वात पेटली.

दोन दिवसांनी कळले, दिवा साहेबांना फार आवडला म्हणून मंडळींनी तो त्यांना गावाची भेट म्हणून दिला. गावाची! काकांना कोणी विचारलेदेखील नाही.

मी साहेबांच्या नावे इंग्रजीत अर्ज लिहायला बसलो. काका म्हणाले, "पहिलं ते हजार वर्षांचं खोडून काढ. दिवा मग मागू."

मी चाचरत म्हणालो, "काका, ते राहू द्या ना. जुना समजले तर निदान लक्ष घालतील."

बोट वर आले. "हजार वर्षांचा दिवा माझा नायच. मग मागू कसा? माझा आहे तो बाबाचा."

"अहो, आधी जेवा," काकी आतून म्हणाल्या. "मग साहेबाशी भांडा."

त्यांनी सांगितले तसेच मी लिहिले. साहेबांच्या कचेरीतून उत्तर आले, ते मीच वाचून दाखवले. वस्तू पुरातन नसून घरगुती असल्याचे अर्जदार स्वतः मान्य करीत आहे, तरी त्याने तशीच दुसरी करून घ्यावी.

इतका संताप मला कधी आला नव्हता. खोटे सांगून दिवा नेला, आणि खरे सांगितले म्हणून तो परत द्यायचा नाही!

काकांनी माझ्या हातातून कागद घेतला. "वाचता येत नाय, पण पुरातन नाय ते कबूल केलंन ना?" त्यांनी विचारले.

"केलं."

"मग एक तरी बरोबर झालं."

दुसरा दिवा मात्र त्यांनी केला नाही. मी लाकूड आणून देतो म्हणालो, तर म्हणाले, "नवा टांगला की त्यांचा निकाल बरोबर ठरेल." पुढे दर वर्षी खिडकीत करवंट्याच लागल्या, आठव्या दिवशी आठ, आणि बाजूला चाकर.

परवा सुट्टीत आलो. काका आता नाहीत, काकी मुलाकडे मुंबईला असतात, आणि त्यांच्या घरात नवे बिऱ्हाड आले आहे. नवे भाडेकरू खिडकीच्या चिऱ्यावर चुन्याचा हात मारत होते. चुन्यातून ओळीने काळपट गोल डाग वर आले होते.

"तीनदा चुना दिला, धरतच नाही," ते मला म्हणाले. "फार जुने दिसतात डाग. शेकडो वर्षांचे असतील."

"थांबा," मी म्हणालो. माझे बोट केव्हा वर गेले ते मला कळले नाही. "हे बरोबर नाही. माझ्या डोळ्यांदेखत पडलेत ते."